मार्सेलिना कोटागिरीलाच राहिली

एकदा पाहिलेला माणूस व्हिक्टर तुस्कानो कधी विसरत नाही, अशी बहारीनच्या सीफ भागातल्या त्या हॉटेलात त्याची ख्याती होती. गुरुवारी दुपार कलली की समुद्रावरच्या कॉजवेवरून सौदी कुटुंबांच्या गाड्या येऊ लागत आणि व्हिक्टर कोटाची बटणं लावून दारात उभा राही. कुणाच्या आईचे गुडघे दुखतात म्हणून तिला लिफ्टजवळची खोली द्यायची, कुणाच्या धाकट्याला शेंगदाणे चालत नाहीत, कुणाला समुद्राकडची खिडकी नको, हे सगळं त्याच्या डोक्यात असे. कुठल्याही कागदात बघावं लागत नसे. एकोणतीस वर्षं तो त्या लॉबीत उभा होता. मालक बदलले, नाव बदललं, फरशी दोनदा उखडून नवी बसवली, व्हिक्टर तिथेच राहिला.

तो वसईजवळच्या भुईगावचा. पंचाण्णव साली बहारीनला आला, दोन वर्षांनी नंदाखालची मार्सेलिना लग्न करून आली आणि एका हॉस्पिटलात बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स म्हणून लागली. ईसा टाउनमध्ये दुसऱ्या मजल्यावर त्यांचं घर होतं. मुलगी सॅब्रिना तिथेच वाढली, तिथल्याच भारतीय शाळेत शिकली. आईबाप घरच्या बोलीत बोलत आणि ती इंग्रजीत उत्तरं देई.

व्हिक्टर वाईट नवरा होता असं कुणी म्हणालं नसतं. पीत नव्हता, हात उगारत नव्हता, शुक्रवारची चर्चची मिस्सा सहसा चुकवत नव्हता. फक्त तो घरी नसे. ईद आली की हॉटेल भरलेलं, मोटारींची शर्यत आली की भरलेलं, नाताळात तर विचारूच नका. मार्सेलिनाच्या पित्ताशयाचं ऑपरेशन झालं त्या दिवशी कुठलंसं शिष्टमंडळ उतरणार होतं, म्हणून तिच्या कागदांवर वॉर्डातल्या मैत्रिणीने सही केली. मार्सेलिना त्यावरूनही काही बोलली नाही. ती मुळातच कमी बोलणारी, असं व्हिक्टर सगळ्यांना सांगत असे.

तिचा हट्ट म्हणाल तर एकच होता. डोंगरात जाऊन राहायचं. या सपाट, खारट बेटावर एवढी वर्षं काढल्यावर तिला चढ हवा होता, थंडी हवी होती, आणि बरोबर कुत्रा घेता येईल अशी शांत जागा हवी होती. ती जागा तिने शोधूनही ठेवली होती. निलगिरीत, कोटागिरीच्या पुढे, चहाच्या मळ्यांच्या कडेला पाच खोल्यांचं गेस्टहाउस. कोइंबतूरच्या एक निवृत्त शिक्षिका, अल्फिया, ते चालवत होत्या. पाळीव जनावरांना तिथे मज्जाव नव्हता. वसईला सुट्टीवर जाऊ तेव्हा भावाचा कुत्रा घेऊन तिकडे आठ दिवस जाऊ, असं तिने तीन वेळा ठरवलं आणि तीन वेळा व्हिक्टरची रजा रद्द झाली. चौथ्या वेळी करोना आला, त्यात त्याचा दोष नव्हता. पण रद्द झालं ते झालंच.

गेल्या वर्षी, चोवीसच्या एप्रिलात, मार्सेलिनाची नोकरी संपली. व्हिसा संपायच्या आत तिला कायमचं परतायचं होतं, आणि कायमचं परतणाऱ्याला आपला कुत्रा बरोबर नेता येतो. घरात लुसी होती, सात वर्षांची, मातकट रंगाची, लांब पायांची. वाळवंटातून उचलून आणलेलं पिल्लू होतं ते. रेबीजच्या तपासण्या, दिल्लीची परवानगी, विमानाचा पिंजरा, सगळी धावपळ मार्सेलिनाने एकटीने केली. उन्हाळा चढला की विमान कंपन्या जनावरं घेत नाहीत, म्हणून घाई होती. ठरलं असं की तिने थेट कोटागिरीला जाऊन महिनाभर विसावा घ्यायचा, मे महिन्यात व्हिक्टरने दहा दिवसांसाठी तिकडे यायचं, आणि मग तिने भुईगावच्या घरी जाऊन घर उघडायचं. व्हिक्टर वर्षा-दोन वर्षांत मागून येणारच होता.

विमानतळावर पिंजरा आत गेला तेव्हा ती व्हिक्टरला म्हणाली, "या वेळी येशील ना?"

"इंशाल्ला," तो हसून म्हणाला. त्याला तिथल्या सगळ्यांसारखी सवयच लागली होती.

मे महिन्यात मालकांचे पाहुणे आले. व्हिक्टरने फोन केला. "मार्सेलिना, ऐक, या आठवड्यात नाही जमत. जूनमध्ये बघतो."

"बरं," ती म्हणाली. जूनमध्येही ती ‘बरं’ म्हणाली. जुलैत त्याने विचारलं, "तू भुईगावला कधी जातेस? चुलतभाऊ विचारतोय, टाकी साफ करून ठेवायची म्हणतो."

"मी भुईगावला जात नाही. त्याला सांग, टाकी राहू दे."

"म्हणजे?"

"म्हणजे मी इथेच राहते. इथे चर्चच्या सिस्टर्सचा दवाखाना आहे, सकाळी तिकडे जाते. अल्फियाने खोली दिलीय."

त्याला वाटलं, रागावली आहे, उतरेल. महिनाभराने वाटलं, तब्येत बिघडली असेल. सप्टेंबरात त्याने पाच दिवसांची रजा घेतली आणि शारजात विमान बदलून कोइंबतूरला उतरला. टॅक्सी घाट चढू लागली तेव्हा त्याचे कान बंद झाले, गाडी लागली. वळणावळणाला चहाचे हिरवे उतार दिसत होते. ड्रायव्हरला दोनदा गाडी थांबवायला लावून तो रस्त्याच्या कडेला उभा राहिला. हॉटेलातल्या थंडीची त्याला सवय होती. ही ओली थंडी निराळी होती, कोटाच्या आत शिरणारी.

गेस्टहाउस म्हणजे लाल कौलांचं एक बसकं घर होतं, पुढे लांब व्हरांडा. पायरीवर एक म्हातारा लॅब्रॅडॉर आणि तीन पायांचं एक काळं कुत्रं झोपलं होतं. दोघांपैकी कुणीही भुंकलं नाही. अल्फिया बाहेर आल्या, साठीच्या, जाड भिंगांच्या चष्म्याच्या. त्यांनी हिंदीत स्वागत केलं आणि रजिस्टर पुढे सरकवलं.

"मार्सेलिना दवाखान्यात आहे, चारला येईल. तुमची खोली मागच्या बाजूला काढलीय. गरम पाणी सकाळी सात ते नऊ."

व्हिक्टरला वाटलं, बाईंचा काही गैरसमज झाला असावा. "मी तिचा नवरा," तो म्हणाला.

"हो, माहीत आहे." अल्फियांनी पेनचं टोपण काढून पेन त्याच्या हातात दिलं. "तिनेच काढून ठेवायला सांगितली."

नाव, कुठून आलात, येण्याचं कारण. हे तीन रकाने एकोणतीस वर्षं त्याने इतरांकडून भरून घेतले होते. पहिले दोन त्याने भरले. तिसऱ्यापाशी पेन थांबलं. अल्फियांनी नजर दुसरीकडे वळवली, आणि त्यांची ती सभ्यता त्याला झोंबली. अवघडलेल्या गिऱ्हाइकासमोर आपण नेमकं हेच करतो, हे त्याला ठाऊक होतं.

चारला मार्सेलिना आली. स्वेटर, पायात कॅनव्हासचे बूट, केस आखूड कापलेले. ती बारीक झाली होती आणि बरी दिसत होती, हेच त्याला सलत राहिलं. लुसीने त्याला हुंगलं, शेपटी दोनदा हलवली आणि परत मार्सेलिनाच्या पायाशी जाऊन उभी राहिली.

"चहा घेतलास?"

"घेतला."

"अंधाराच्या आत हिला फिरवून आणावं लागतं. बिबट्या येतो इथे. चल, यायचं असेल तर."

मळ्याच्या कडेने दोघं चालू लागले. व्हिक्टर हॉटेलच्या गोष्टी सांगत राहिला, नवी ड्यूटी मॅनेजर आलीय, पुण्याची पोरगी, तेजस्वी नाव, हुशार आहे. मार्सेलिना हं हं करत होती. चढ आला, तशी लुसी ओढू लागली. व्हिक्टरने हात पुढे केला. "आण, मी धरतो."

मार्सेलिनाने साखळी उजव्या हातातून डाव्या हातात घेतली. "नको."

आणि मग व्हिक्टरच्या लक्षात आलं की ही साखळी त्याने कधीच धरलेली नाही. सात वर्षांत एकदाही नाही. मार्सेलिनाला ताप असला तरी ती खालच्या मजल्यावरच्या बाईंना हाक मारायची. त्याला वाटायचं, कुत्र्याचं वेड आहे, आपल्याला त्रास नको म्हणून करते.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी चर्चला जाऊन आल्यावर दोघं व्हरांड्यात बसले. बाकीची मंडळी फिरायला गेली होती. त्याने तिला सरळच विचारलं.

"माझं काय चुकलं ते तरी सांग. रजा मिळत नव्हती म्हणून? अगं, नोकरी होती ती."

"तुला आतिका आठवते?"

"कोण आतिका?"

"तुला सगळ्यांची नावं आठवतात ना!" ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "तुमच्या हॉटेलच्या ड्रायव्हरची बायको. पेशावरची. दोन हजार बाराच्या डिसेंबरात माझ्या वॉर्डात होती, दुसरा मुलगा झाला तिला."

व्हिक्टरने कप खाली ठेवला.

दोन हजार बारा. त्या जानेवारीत मार्सेलिनाची आई वारली होती. ती आणि तेरा वर्षांची सॅब्रिना तीन आठवडे नंदाखालला गेल्या, आणि घरी व्हिक्टर व कॉफी एवढेच उरले. कॉफी हा त्यांचा पहिला कुत्रा. सॅब्रिनाने शाळेच्या बसथांब्यावरून पिल्लू आणलं होतं आणि आपल्या खाऊच्या पैशांतून बाजारातून त्याला लाल पट्टा घेतला होता. दिवसभर एकटा पडला की तो भुंकायचा, रडायचा. इमारतीच्या मालकाने दोनदा निरोप धाडला. व्हिक्टरची ड्यूटी चौदा-चौदा तास चाललेली. पठाण ड्रायव्हर म्हणाला, बुदैयाला माझ्या ओळखीचं शेत आहे, मोकळी जागा आहे, मफी मुश्किल, काही अडचण नाही. व्हिक्टरने कॉफीला त्याच्या गाडीत बसवलं. आणि संध्याकाळी नंदाखालला फोन लावून सांगितलं, फिरवताना पट्टा तुटला, कॉफी पळाला.

"ती मला म्हणाली," मार्सेलिना सांगत होती, "सिस्टर, तुमचा कुत्रा फार गुणी होता हो. माझा नवराच घेऊन गेला होता त्याला शेतावर. ऑगस्टात ईदला तिथला माणूस गावी गेला. कुत्रा पत्र्याखाली बांधलेला होता. पाणी ठेवायला कुणी नव्हतं. तिला वाटलं, मला माहीतच असेल. मी तिचं बाळ पुसत होते. पुसलं, गुंडाळलं, तिच्या कुशीत दिलं."

व्हिक्टरने खाली ठेवलेला कप बाजूला सरकवला. मग तो म्हणाला, "मालक घर सोडायला सांगत होता, मार्सेलिना. मी एकटा होतो. तू आईच्या दुःखात होतीस, तुला कशाला आणखी..."

"कुत्रा दिलास म्हणून नाही रे." ती प्रथमच त्याच्याकडे वळली. "फोन करून म्हणाला असतास, नाही जमत मला, दिला त्याला, तर मी भांडले असते, रडले असते आणि विसरले असते. पण तू माझ्याबरोबर शोधायला आलास. आठवतं? दोन आठवडे. संध्याकाळी गल्लीगल्लीतून. बाजाराच्या मागे, शाळेच्या भिंतीकडेने. सॅब्रिना फोटो चिकटवत होती आणि तू हाका मारत होतास. इतक्या कळवळून मारायचास, की मलाच तुझी कीव यायची. तुला रजा मिळत नाही म्हणतोस, पण त्या वेळी तू हॉटेलातून लवकर निघून यायचास. त्या एका वेळी."

"मी घाबरलो होतो."

"असशील. पण आतिकाने सांगितल्यापासून तू घरात काही गोड बोललास की मला तोच आवाज ऐकू येतो. कॉफी, कॉफी. माझ्या वाढदिवसाला बोललास तरी तोच. माझी चौकशी केलीस तरी तोच."

"मग बोलली का नाहीस? बारा वर्षं?"

"वाट पाहत होते."

"कशाची?"

"तू सांगशील याची. पहिलं वर्षभर तर रोज. तू कन्फेशनला जाऊन यायचास आणि मी बाकावर बसून तुझ्या तोंडाकडे बघायची, आज सांगेल. फादरना सांगितलं असशीलही, कोण जाणे. मला नाही सांगितलंस. पुढे वाट पाहणंसुद्धा सुटलं. सॅब्रिना होती, शाळा होती, नोकरी होती, दिवस जात होते. इथे येऊन महिना झाला आणि एका सकाळी लक्षात आलं, की मला त्या आवाजाशिवाय जाग आली. म्हणून राहिले."

व्हिक्टर उठला, तिच्यासमोर गुडघ्यावर बसू लागला. गुडघा कटकन वाजला. मार्सेलिनाने त्याला दंडाला धरून, एखाद्या पेशंटला धरावं तसं, पुन्हा खुर्चीत बसवलं.

"ते नको. आणखी एक आहे. सॅब्रिना कॅनडाला जायच्या आधी मला म्हणाली, मम्मी, मी साधा पट्टा घेतला म्हणून तो तुटला. चांगला घ्यायला हवा होता. अठरा वर्षांची पोर, पाच वर्षं ते मनात घेऊन फिरत होती."

"आणि तू..."

"मी म्हटलं, नाही बाळा, पट्टे तुटतात. तिच्या बापाला खोटा ठरवायचं माझ्याच्याने झालं नाही. ते माझं पाप, ते मी तुझ्यावर ढकलत नाही. पण आता तिला सांगायचं ते तू सांग. मी सांगणार नाही."

उरलेले दिवस व्हिक्टर तिथे राहिला तो पाहुण्यासारखाच. जेवायच्या टेबलावर ती त्याला भात वाढायची, रस्सम पुढे करायची, औषध घेतलंस का विचारायची. अल्फिया हवापाण्याच्या गोष्टी करायच्या. एकदा त्याने मार्सेलिनाला विचारलं, "घरी कधीतरी येशील?" ती म्हणाली, "कुठल्या घरी?" तिने ते खोचून म्हटलं नव्हतं. तिला खरंच समजलं नव्हतं, ईसा टाउनचं की भुईगावचं. निघताना अल्फियांनी अभिप्रायाची वही पुढे केली. त्यात त्याने ‘जागा फार शांत आहे’ एवढं लिहिलं.

बहारीनला परतल्यावर पहिल्या दोन शुक्रवारी त्याने सॅब्रिनाला फोन लावला आणि हवेच्या, ऑफिसच्या गप्पा मारून ठेवून दिला. तिसऱ्या शुक्रवारी सांगून टाकलं. भुईगावच्या बोलीत सांगितलं, कारण इंग्रजीत त्याला ते वाक्य जुळवता येईना. पलीकडे टोरंटोत सकाळ होती, तिच्या घरात कुठेतरी नळ वाहत होता. तो बंद झाला.

"हाउ लाँग हॅज मम्मी नोन?" सॅब्रिनाने विचारलं.

त्याला खोटं बोलता आलं असतं. "बारा वर्षं," तो म्हणाला.

"ओके."

"सॅब्रिना, बाळा, तुझा पट्टा चांगला होता. तो तुटलाच नव्हता."

"डॅड, आय हॅव टू गो."

त्यानंतर तिने फोन उचलला नाही. तिच्या वाढदिवसाला केला तेव्हाही नाही. पंधरा दिवसांनी मार्सेलिनाचा मेसेज आला, ‘सॅब्रिना माझेही फोन घेत नाही. तू सांगितलंस का?’ त्याने ‘हो’ लिहिलं. बऱ्याच वेळाने तिचं उत्तर आलं. ‘बरं केलंस.’ पुढे काही नव्हतं. व्हिक्टर तो मेसेज उघडून पुन्हा पुन्हा वाचत असे. त्यात राग आहे का, समाधान आहे का, की ती तिकडे एकटी रडत बसली आहे, हे त्याला त्या दोन शब्दांतून काढता येत नव्हतं. समोरच्या माणसाला काय हवंय ते त्याच्या चेहऱ्यावरून ओळखण्यावर ज्याने जन्म काढला, त्याला बायकोचं एवढंसं वाक्य लागत नव्हतं.

मनामाच्या चर्चमध्ये लोक विचारत, "मार्सेलिना कशी आहे? तिकडेच रमली वाटतं?" तो म्हणे, "हो, तब्येतीला मानवतंय तिथलं." भुईगावचा चुलतभाऊ महिन्यातून एकदा घराच्या खिडक्या उघडून पुन्हा लावत होता.

नोव्हेंबरात त्याने नाताळची दहा दिवसांची रजा मागायचं ठरवलं. मनातल्या मनात कारणं जुळवून तो तेजस्वीच्या केबिनमध्ये गेला. भांडण झालं तर राजीनामा देईन, इथपर्यंत त्याची तयारी होती. तिने स्क्रीनकडे पाहिलं, दोन ठिकाणी टिचकी मारली.

"झालं सर. अप्रूव्ह केली. आणखी हव्यात का? तुमच्या खूप साठल्यात."

"पण नाताळ आहे, गर्दी..."

"अहो सर, होतं मॅनेज. आता गेस्टची सगळी माहिती सिस्टिममध्येच असते. यल्ला, चला, फॅमिलीबरोबर मजा करा."

ती खरोखर आपुलकीने बोलली होती. व्हिक्टर आभार मानून बाहेर आला आणि जिना उतरू लागला. मार्सेलिनाच्या ऑपरेशनच्या दिवसाचं ते शिष्टमंडळ कुठल्या देशाचं होतं, हे त्याला आठवेना.

त्याच संध्याकाळी त्याने अल्फियांना मेसेज केला, नाताळात एक खोली हवी होती. उत्तर तासाभरात आलं, नम्र आणि नीटनेटकं. नाताळापासून नवीन वर्षापर्यंत सगळ्या खोल्या भरल्या आहेत, चार कुटुंबं आपापले कुत्रे घेऊन येत आहेत, क्षमस्व. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मागची खोली रिकामी आहे. मार्सेलिनाला विचारलं, तिची काही हरकत नाही.

हरकत नाही, हे त्याने मोठ्याने वाचलं. मग ‘फेब्रुवारी चालेल’ असं लिहून पाठवलं, आणि नाताळची रजा रद्द करून घ्यायला तेजस्वीच्या केबिनकडे परत गेला.